उमेदवारांना विचारलेला गोळ्यांचा प्रश्न

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात एकाच ड्राइव्हवेवर आमची दोन युनिटं, म्हणजे छोटी घरं होती. मागच्यात मी एकटी, पुढच्यात ते तिघं. नातं काही नव्हतं, पण शेजारी मराठी कुटुंब म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायला लागले. दादा पूर्वी चिंचवडला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. इथे ईस्ट टामाकीच्या पॅकेजिंग फॅक्टरीत मशिनांचा मेन्टेनन्स बघायचे. वहिनी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायच्या. त्यांच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मी पुण्याला बी.फार्म. केलेलं. इथल्या परीक्षा देऊन जवळच्याच एका फार्मसीत फार्मासिस्ट म्हणून लागले होते.

२०१५ च्या हिवाळ्यात दादा फॅक्टरीत माल चढवतात त्या लोडिंग डॉकवरून खाली पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या सुरू झाल्या. असल्या गोळ्या इथे एका वेळी दहा दिवसांच्याच देतात. त्यामुळे दर दहा दिवसांनी दादा माझ्या काउंटरपुढे उभे असायचे. सुरुवातीला काठी घेऊन, मग काठीशिवाय. "तुझ्याकडे आलं की डॉक्टरकडे आल्यासारखं वाटत नाही," म्हणायचे. मी पाकीट हातात द्यायचे, दोन शब्द बोलायचे. गोळ्यांनी झोप येते, बद्धकोष्ठ होतं, हे सांगितलं. सवय लागते हेही सांगितलं, पण ज्या सुरात सगळ्यांना सांगतो त्याच सुरात.

वर्षभरानं डॉक्टरनं त्या गोळ्या कमी करत करत बंद केल्या. दादा कामावरही जायला लागले. आम्हाला वाटलं, सुटले.

त्या सुमाराची एक दुपार आठवते. दादा खोकल्याचं औषध घ्यायला आले होते. त्यांच्या पुढे एक पन्नाशीची बाई होती, तिच्या हातात पाच औषधांचं प्रिस्क्रिप्शन. इथे सरकार औषधांचा बहुतेक खर्च उचलतं, पण प्रत्येक औषधामागे पाच डॉलर आपण भरायचे. आधी ते तीन होते. बाईनं खालच्या आवाजात मला विचारलं, "यातली कुठली दोन नाही घेतली तर चालेल?"

दादांनी ते ऐकलं. ती गेल्यावर म्हणाले, "असं विचारतात लोक?"

"रोज," मी म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षी निवडणूक होती. दादा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि उभे राहणाऱ्यांची संसदेतली जुनी भाषणं शोधायचे. तिनाचे पाच झाले तेव्हा कोण काय बोललं, कोणी कुठे मत दिलं. कॅन्सरच्या नव्या औषधांना सरकारी मदत मिळावी म्हणून पेशंट मोर्चे काढत होते. त्यांच्याबरोबर फोटो कोणी काढले आणि नंतर गप्प कोण बसलं. टूलरूमच्या माणसाची सवय, प्रत्येक गोष्ट मापून लिहायची. त्यांनी एक फाइलच केली. वहिनी हसायच्या. "आमच्याकडे आता दोन संसार आहेत. एक माझा, एक या उमेदवारांचा." मलाही बरं वाटायचं. माणूस कशात तरी रमलाय.

मग एका सकाळी रीसायकलिंगचा सामाईक डबा रस्त्यावर न्यायला मी झाकण उघडलं. माझे कागद घालायला वरचं एक कॉर्नफ्लेक्सचं खोकं दाबलं, तर ते फाटलं. आत गोळ्यांच्या रिकाम्या, चपट्या केलेल्या डब्या खच्चून भरल्या होत्या. आयबुप्रोफेन आणि कोडीन एकत्र असलेल्या गोळ्या. तेव्हा त्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळायच्या, फक्त फार्मासिस्टनं दोन प्रश्न विचारून द्यायच्या. डब्यांवर वेगवेगळ्या फार्मस्यांची लेबलं होती. एक डबी आमची होती. ती मीच दादांना दिली होती, दातदुखीसाठी म्हणून.

कोडीन अफूच्याच घरातलं. आधीच्या गोळ्या सुटल्या नव्हत्या, त्यांनी फक्त दुकान बदललं होतं. पण मला जास्त भीती आयबुप्रोफेनची वाटली. एवढं रोज पोटात गेलं तर पोट आतून सोलून निघतं.

संध्याकाळी दादा गाडी धूत होते. मी सरळ विचारलं, "दादा, दिवसाला किती घेताय?"

त्यांनी पाईप बंद केला. खोटं बोलले नाहीत. "मोजत नाही मी," म्हणाले. "मोजलं की लाज वाटते."

"डॉक्टरकडे चला. मी येते बरोबर."

"व्यसनी म्हणून माझ्या रेकॉर्डवर येईल. फॅक्टरीत कळलं तर मशिनांना हात लावू देतील? निवडणुकीपर्यंत थांब. मी कमी करतोच आहे. हिला बोलू नकोस."

आणि मी बोलले नाही. आमच्या फार्मसीत सगळ्यांना सांगितलं की यांना कोडीन द्यायचं नाही. आजूबाजूच्या दोन ठिकाणी फोन केले. पण ऑकलंडमध्ये फार्मस्यांना काय तोटा. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, हा नियम मला तेव्हा फार सोयीचा वाटला.

पलीकडच्या मतदारसंघात, एका चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती. दादांनी मला बरोबर नेलं. वहिनींची ड्यूटी होती. चहा-बिस्किटं, पन्नासेक खुर्च्या, माओरी पद्धतीचं "किआ ओरा" म्हणून स्वागत झालं, भाषणं झाली. तिन्ही उमेदवार औषधांच्या किमतीवर चांगलं बोलले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा दादा उभे राहिले. पहिला प्रश्न त्यांनी तयारीनं विचारला: पाच डॉलरच्या वेळी तुम्ही काय केलं होतं? एक उमेदवार म्हणाला, तो जुना काळ होता, आता पुढे बघू या. लोक थोडे हसले.

दादा खाली बसले नाहीत. इंग्रजीत ते म्हणाले, "आणखी एक. परवडणारी औषधं आणू म्हणता. जी औषधं फार सहज मिळतात, त्यांचं काय? दुखण्यावरच्या गोळ्या. माणसं त्यात अडकतात. तुमच्यापैकी कोणी त्यावर आजवर एक शब्द बोललाय का? मी शोधलं. मला सापडला नाही."

मधे बसलेल्या उमेदवार बाई सहानुभूतीनं म्हणाल्या, "ते अमेरिकेतलं गोळ्यांच्या व्यसनाचं फार भयंकर आहे. सुदैवानं आपल्याकडे तसं नाही." सूत्रसंचालकानं पुढचा हात निवडला. घरांच्या भाड्याचा प्रश्न सुरू झाला.

मी दादांच्या शेजारी बसले होते. त्या अख्ख्या हॉलमध्ये काउंटरच्या आतली आणि बाहेरची गोष्ट माहीत असलेली बहुधा मी एकटी. मी उभी राहून "आपल्याकडेही आहे" एवढंच म्हणू शकले असते. मी मान खाली घालून चहाचा कप बघत राहिले.

पार्किंगमध्ये दादा गाडीच्या बॉनेटवर ओणवे झाले. पोट धरलं होतं. "ॲसिडिटी," म्हणाले. घाम फुटला होता. गाडी मी चालवली.

त्यानंतर आठवडा झाला नसेल. सकाळी मी कामावर निघत होते आणि मुलगी मोज्यांवरच धावत आली. "आंटी, कॅन यू कम? डॅड्स थ्रोइंग अप. इट्स ब्लॅक."

बाथरूममध्ये बेसिनभर कॉफीच्या चोथ्यासारखं काळं रक्त होतं. दादा टबाला टेकून बसले होते, ओठ पांढरे. वहिनी त्यांचं डोकं धरून मला विचारत होत्या, "काल खाल्लेलं बाधलं का गं?" ॲम्ब्युलन्सला मी फोन केला. रक्ताची उलटी, आयबुप्रोफेन, कोडीन, बरेच महिने, असं मी एका दमात सांगितलं. मी काय बोलतेय ते वहिनी ऐकत होत्या.

जठराला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं, पण पोटातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. दादा नऊ दिवस आयसीयूत होते. शुद्धीवर आले ते एकदाच, मुलीशी दोन शब्द बोलण्यापुरते. ती त्यांच्याशी मराठीत बोलली, अडखळत. दहाव्या दिवशी सगळं संपलं.

अंत्यसंस्कारानंतर घरी पाच-सहा माणसं होती. ती गेल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात थांबवलं. रडत नव्हत्या.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन महिने."

"आणि मला नाही सांगितलंस."

"दादांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि आमच्या कामात नियम..."

"मी रोज त्याच्या शेजारी झोपत होते गं," त्या म्हणाल्या. "रोज मी त्याला जेवायला वाढत होते. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊ नको, एवढं तरी मी म्हटलं असतं की नाही?"

मी ओट्यावरचे कप गोळा करून सिंकमध्ये ठेवले.

वर्ष संपता संपता त्या दोघी पामर्स्टन नॉर्थला गेल्या, वहिनींच्या मावसबहिणीकडे. निघताना मुलीनं मला मिठी मारली, वहिनींनी मान हलवली. मी दिवाळीला मेसेज करते. मुलगी उत्तर देते.

२०१९ मध्ये कोडीन प्रिस्क्रिप्शनशिवाय देऊ नये अशी चर्चा आमच्या क्षेत्रात जोरात सुरू झाली. सरकारनं सूचना मागवल्या होत्या. मी दोन पानं लिहिली. नाव न घालता एका पेशंटबद्दल. मॅनेजर म्हणाली, फार सविस्तर झालंय, थोडक्यात लिही. मी तसंच पाठवून दिलं आणि काउंटरवर गेले. एक तरुण कंबर धरून कोडीनच्या गोळ्या मागत उभा होता. मी त्याला दोन प्रश्न विचारायचे तिथे दहा विचारले. तो वैतागून निघून गेला, बहुधा पुढच्या फार्मसीत.