सायलीचं कॉलेज शेवटी बाबांनी ठरवलं

मंडळी, आज सकाळी आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मिस्टरांना स्ट्रोक आला. आता चालतात-फिरतात, पण बोलताना शब्द सापडत नाहीत. आमची सायली रोज त्यांच्याकडून बोलायचा सराव करून घेते. त्यातूनच तिला मेंदू आणि मानसशास्त्र एकत्र शिकायचं वेड लागलं.

तसा कोर्स असलेल्या पुण्याच्या कॉलेजात तिला सीटही मिळाली. पण आज नाश्त्याला म्हणाली, "आई, मी इथे जवळ उल्हासनगरलाच साधं बीए करते. मी गेले तर बाबांशी कोण बोलणार?"

खरं सांगू, मनातून मलाही तेच हवं होतं.

ह्यांनी मात्र ताट सरकवलं. ओठ हलायला लागले. सायली लगेच म्हणाली, "बाबा, पाणी हवंय?" त्यांनी हात करून तिला थांबवलं आणि बराच वेळ झटून म्हणाले, "जा. पुणे. मी... फोन."

"तुम्ही फोन करणार मला?"

"रोज!"

मग बापलेक रडत रडत हसत बसले. दुपारी तिने पुण्याची ॲडमिशन कन्फर्म केली.

आता सांगा, तिकडे मुलींसाठी चांगलं हॉस्टेल कुठलं? आणि ती गेल्यावर संध्याकाळी ह्यांच्याशी गप्पा मारायला कोण कोण येताय?