परत आलेला डबा

ताटात काय उरलं यावरून कुणाचंही मन ओळखता येतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी लातुरात क्लासच्या पोरांसाठी मेस चालवतात. भात उरला की चाचणी जवळ आली, वरण उरलं की घरची आठवण, भाकरी कुस्करून तशीच ठेवली की प्रेमप्रकरण. एकदा भोकरच्या एका पोराचं ताट पाहून त्यांनी थेट त्याच्या बापाला फोन लावला, "लेकराला चार दिवस घेऊन जावा." बाप आला, तर पोरगा गळ्यात पडून रडला. तेव्हापासून दाजींना आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. मी तर तिथे जेवताना फोडणीतली मिरचीसुद्धा चावून संपवतो.

यंदा हे शास्त्र घरात घुसलं. दाजींची लेक आरोही पहिलीत गेली आणि तिचा डबा रोज भरलेलाच परत येऊ लागला. दाजींनी जाहीर केलं, "पोरगी शाळेत उपाशी राहायलीय. आता शाळा बंद. मी घरीच शिकवतो." आणि खरोखरच परातीतल्या पिठात अक्षरं, पोळ्यांच्या चळतीवर बेरजा सुरू झाल्या. पोरगी घरी पोटभर जेवायची, दाजी खूश. ताईनं मात्र मला नांदेडहून बोलावून घेतलं. दोघांचा अबोला होता; भांडण माझ्यामार्फत चाललं.

"सांग त्यांना, सोमवारी शाळेत गेली नाही तर मी पोरीला घेऊन माहेरी येते."

"पाव्हणं, तिला सांगा, उपाशीपोटी हुशार झालेली लई पोरं पाहिलीत मी. मला तशी लेक नको."

ताई बोलते ते करते, आणि दाजींचंही मला खोटं वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी आरोहीनं ताटातली अर्धी पोळी गुंडाळून बाजूला ठेवली. दाजींचा चेहरा उतरला. "का गं, जेवण जाईना का?"

"ही सनाला. ती माझ्याजवळ बसते. तिची अम्मी खिचडी अन् चिंचेचा आंबट खट्टा देते, आम्ही दोघी तेच खातो."

"अन् तुझा डबा?"

"मग पोट भरतं ना!"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंच न्हाई, पप्पा."

ताई पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

सोमवारी दाजी स्वतः पोरीला सोडून आले आणि ओट्यापाशी स्टुलावर बसले. "फाटकातून पळत गेली. मागं वळून बी पाहिलं न्हाई," म्हणाले. जिंकलेल्या ताईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. मला त्या माणसाची फार माया आली. मेसचा सगळा स्वयंपाक तसाच पडला होता, आणि दाजी मला विचारत होते, "पाव्हणं, आता दुपारपर्यंत मी करू काय हो?"