कमानीखालचं शिळं माप

जीपच्या बंपरला उभा बांधलेला बांबू गावच्या कमानीला खटकन लागला आणि मी करकचून ब्रेक दाबला.

हा बांबू मालाच्या उंचीइतका कापलेला असतो. तो अडला म्हणजे मागून येणारा ट्रेलरही अडणार. ट्रेलरवर माधवनगरच्या कारखान्यातून निघालेली, कोरेगावजवळच्या डेअरीची स्टीलची रिकामी टाकी होती. ट्रेलर वीस मिनिटांवर आला होता. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चर, मागे वळायला जागाच नाही.

मोठा माल हलवायच्या आधी वाटेतल्या तारा, पूल, कमानी मोजून यायचं, हे माझं काम. रूट सर्व्हे म्हणतात त्याला. या वेळी मी गेलोच नव्हतो. गेल्या वर्षी याच रस्त्याने एक टाकी नेली होती. तेव्हाची मापं वहीतून उतरवली आणि खाली नवी तारीख टाकली. विश्रामबागच्या ऑफिसात साहेबांनी विचारलंही होतं, "नक्की बघून आलास ना?" मी हो म्हणालो. चक्क खोटं बोललो.

कमानीवर गावच्या शहीद जवानांची नावं कोरली होती. टाकी घासली असती तर आधी तीच गेली असती. ट्रेलरचे ड्रायव्हर चाँदभाई, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, हळूच काढतो, फार तर खरचटेल. मी त्यांना आहे तिथेच थांबायला सांगितलं. माझा आवाज चढला होता, भीतीने.

कमानीच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसून सगळं बघत होते. निवृत्त सुभेदार होते, हे पुढे बोलताना कळलं.

"कमान न्हाई खाली आली गड्या, रस्ता वर आलाय," ते म्हणाले. "दिवाळीनंतर डांबराचं दोन थर चढलं."

माझ्या वहीतल्या मापाने टाकी आणि कमानीमध्ये चार इंच मोकळे राहत होते. रस्ता पाच इंच वर आला होता.

मग आठ दिवसांपूर्वीच सर्व्हेला येऊन विचारायला हवं होतं ते विचारलं. उसाच्या भरलेल्या गाड्या कुठून जातात? कमानीच्या अलीकडे फुटते त्या शाळेमागच्या वाटेने, ते म्हणाले. मी बांबू खांद्यावर घेऊन ती वाट चालत गेलो, सुभेदार सोबत. ट्रेलरच्या वजनाने फुटेल अशी पाइपलाइन जमिनीखाली आहे का, हे त्यांना दोनदा विचारलं. नव्हती. एक तार लोंबत होती, बांबू तिच्याखालून वीतभर सुटून गेला. तोवर ट्रेलरमागे एसटीसकट गाड्यांची रांग लागली होती.

चाँदभाईंनी त्या वाटेने टाकी पलीकडे सुखरूप काढली. मी कट्ट्यावर सुभेदारांशेजारी येऊन बसलो.

"माप कवाचं हुतं?" सुभेदारांनी विचारलं.

"गेल्या वर्षीचं," मी म्हणालो. त्यांच्याशी खोटं बोलवेना.

ते रागावले नाहीत. "आमी रेकीला जायचो फौजेत. म्होरं जाऊन बघून यायचं, तुज्यागतच काम." त्यांनी कमानीकडे पाहिलं. "ह्यातली दोन नावं शिळ्या रेकीनं चढल्यात वर. बातमी चार दिसांची हुती."

ऑफिसात साहेब म्हणाले, सर्व्हे चोख झाला. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी दोन महिने मला रस्त्यावरून काढून ऑफिसात टेबलाच्या कामावर बसवलं, बरोबरच केलं.

जुनी वही अजून जपली आहे. पण ती वाचून गाडी काढत नाही. आधी जाऊन बघतो, आणि मोजपट्टी काढण्यापूर्वी कट्ट्यावर कोण बसलंय ते पाहतो.