बंद केलेली वॉर्निंग

मालवणच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग वर चढवली आणि म्हणाले, "थंय पोचलंस की फोन कर. नंतर रोज करू नको, मी समुद्रात असतलंय." तेव्हा मी बावीस वर्षांची होते. गावातल्या सगळ्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की अंधेरीत कॉम्प्युटरची नोकरी लागली.

आमची कंपनी मासेमारीच्या होड्यांसाठी एक यंत्र बनवते. होडी कुठे आहे आणि हवा कशी आहे, ते त्याच्या स्क्रीनवर दिसतं. ते ज्या सिस्टिमवर चालतं तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात हजारो ऑप्शन असतात. गरजेपुरतेच चालू ठेवतात. माझं काम उलटं होतं. जमतील तेवढे सगळे एकदम चालू करायचे, बिल्ड लावायचा, म्हणजे त्यातून सिस्टिम तयार करायची, आणि काय मोडतं ते बघायचं.

एका बिल्डमध्ये वॉर्निंग आली. बॅटरी वाचवायचा ऑप्शन आणि हवामानाचा ऑप्शन एकत्र चालू केले, की एकाचा डेटा दुसऱ्याच्या जागेत लिहिला जात होता. मी आमच्या टीमचा लीड असलेल्या संदेशला ते दाखवलं.

"अगं, हे दोन्ही एकत्र कोण चालू करणार? ती वॉर्निंग बंद कर ना यार."

मी बंद केली. नोंदीत माझं नाव आहे.

पुढच्या वर्षी बाबांचा फोटो आला. होडीवर आमचं यंत्र आणि खाली त्यांचा आवाज : "तुज्या कंपनीचो डबो बसवलो गो. भिकाजीच्या होडयेर पण." भिकाजीकाका आमच्या शेजारचे. फोटोत यंत्राच्या बॅचचा नंबर दिसत होता. मी त्या बॅचची सेटिंग उघडून बघितली. दोन्ही ऑप्शन चालू होते.

बाबा समुद्रात गेले होते, फोन लागेना. ऑफिसमधल्या टेबलावरच्या यंत्रात मी तोच बिल्ड टाकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो ठीक चालला, मग गोठला. स्क्रीन मात्र विझली नाही. शेवटचं हवामान तसंच दाखवत राहिली : स्वच्छ. बाहेर हवामान खात्याचा वादळाचा इशारा कधीच निघाला होता. संदेश स्क्रीनकडे बघत खुर्चीत बसला. "वाट लागली," एवढंच म्हणाला. मग आम्ही दोघांनी बंदरावर फोन लावायला घेतले.

संध्याकाळी बाबा परत आले. भिकाजीकाका आले नाहीत.

"वारो फिरलो तसो मी त्येका हाक मारलंय," बाबा फोनवर म्हणाले. "तो म्हणालो, डब्यात सगळा साफ आसा." मग त्यांनी विचारलं, "तुका ह्या आधी ठावक होता?"

मी हो म्हटलं.

त्या सगळ्या होड्यांवरची यंत्रं आम्ही काढून आणली. मी अजून अंधेरीतच आहे. गावी गेले की भिकाजीकाकांच्या घरी काकी मला चहा देतात, मुंबईत जेवणाचं कसं करतेस विचारतात. बाबा शेजारी बसून असतात, माझ्याकडे बघत नाहीत. घर म्हणजे आता काकींची ती पडवी, जिथे मला 'ती वॉर्निंग मी बंद केली' हे एक वाक्य बोलायचंय आणि दर खेपेला मी कप विसळून ठेवते आणि निघते.