काळ्या पडद्यासमोर सतरा जण

गेल्या डिसेंबरमधल्या एका रविवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, आमच्या गावच्या वाचनालयात फ्रेंच चित्रपट सुरू असताना वीज गेली. हे प्रेक्षकांना बारा मिनिटांनी कळलं. त्यांच्यात मीही होतो.

चित्रपट होता एका चित्रपटाबद्दल, जो काही केल्या पुरा होत नाही. नायिका खोलीचं दार उघडत नाही, लेखक रोज नवी पानं आणतो, कॅमेरा बंद पडतो. कॅमेरा पहिल्यांदा बंद पडला तेव्हा पडदा काळा झाला आणि एक मासळी व्यापारी सवयीने फ्यूज बघायला उठले. चित्रपट मंडळ चालवणाऱ्या निवृत्त मास्तरांनी त्यांना बसवलं.

"लाईट खंय गेली? दिग्दर्शकान मुद्दाम काळो ठेवल्यान हा."

मास्तरांची काळजी वेगळी होती. पंधरा माणसं शेवटपर्यंत बसली नाहीत, तर रविवारचं सभागृह भजनी मंडळाला द्यायचं, असं वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवलं होतं. आधीच्या रविवारी शेवटी नऊ उरले होते.

मास्तरांनी असं बजावल्यामुळे पडदा दुसऱ्यांदा काळा झाला तेव्हा कोणी उठलं नाही. खिडक्यांना काळं कापड होतं, थंडीमुळे पंखे बंदच होते. मास्तरांनी हलक्या आवाजात या शांततेचा अर्थ सांगितला. पॅरिसमध्ये ते कधी गेले नव्हते. अर्थाला त्यामुळे बाधा आली नाही.

दशावतारात राजाची कामं करणारे एक गृहस्थ मागच्या बाकावर होते. ते म्हणाले, "मास्तर, संवाद लिवलेले नाय म्हणान एवढी बोंब? आमका आजपातूर कोणी लिवन दिल्यान नाय. तोंडाक रंग लावताना कंपनीचो मालक कथा सांगता, आणि मी जावन बोलतंय."

"आणि नायिका रुसली तर?" मास्तरांनी विचारलं.

"आमची नायिका मिशी काढून येता. तेका रुसाक वेळ खंय?"

त्यावर वाद पेटला. दिग्दर्शक लागतोच कशाला, इथपर्यंत तो आला असताना ग्रंथपालबाई दार उघडून म्हणाल्या, "अख्ख्या वाडीत लाईट नाय. तुम्ही काळोखात काय करतास?"

पाठोपाठ आलेल्या कार्यवाहांनी बॅटरीच्या उजेडात डोकी मोजली.

वीज सव्वासातला आली. चित्रपटाचा शेवट कोणी पाहिला नाही. कार्यवाहांच्या वहीत 'शेवटपर्यंत उपस्थित : सतरा' अशी नोंद आहे. जानेवारीतले सगळे रविवार चित्रपट मंडळाला मिळाले.