गच्चीवरची येळवस

मला एक खोड आहे. कुणी म्हणालं, “याच्याशिवाय ही भाजी होतच नाही,” की माझं डोकं चालायला लागतं. का होत नाही? कुणी करून बघितलंय का? मग मी करून बघते, आणि घरच्यांना ते खावं लागतं.

तशी सुरुवात खोडीनं नाही, नडीनं झाली. सासरचं रान नव्या तलावात गेलं आणि आम्ही कळंबला भाड्यानं राहायला आलो. नवरा अडत दुकानात कामाला लागला. ज्या घरात भाजी कधी विकत आणली नव्हती, तिथं कोथिंबिरीची जुडीसुद्धा पिशवीतनं यायला लागली. बाजारातनं आले की माझी नुसती चिडचिड व्हायची. शेवटी घरमालकीणबाईंना विचारून गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे मांडले, त्यात माती भरली आणि पेरत सुटले.

टोमॅटो महागला तेव्हा आमटीत अंबाडीची पानं टाकली. नवऱ्यानं दोन वाट्या ओरपल्या आणि विचारलं, “टोमॅटो उतरला का गं?” बटाट्याच्या जागी कच्ची पपई चालते, पण फोडी मोठ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर पार लगदा. सुक्या खोबऱ्याऐवजी भोपळ्याच्या बिया भाजून वाटल्या की रस्सा चांगला दाट होतो. जवसाचा कूट मात्र एकदा जास्त पडला आणि वांगी अशी बुळबुळीत झाली की लेकीनं ताटच सरकवलं. ते कशानं झालं हे बघायला मी दुसऱ्या दिवशी परत जवस घातला. त्या दिवशी कुणी माझ्याशी बोललं नाही.

एकच माणूस गच्चीवर पाय ठेवत नव्हतं, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. पानात पडलेलं मुकाट्यानं खायच्या, पण डब्यांचा विषय निघाला की म्हणायच्या, “डब्यात कुठं रान असतंय व्हय गं?”

आणि मग येळवस यायची.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. ज्याला रान नाही त्याला दहा घरची आवतनं. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, मडक्यातली आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिरवे दाणे, शेंगा, पालेभाज्या असं सगळं एकत्र शिजवायचं आणि ताकात कालवलेलं बेसन लावून घट्ट करायचं. आम्ही नवऱ्याच्या मालकाच्या रानात जायचो. आत्या यायच्या नाहीत.

“लोकाच्या रानात काय जेवायचं? आपल्या रानात पिकलेलं आपल्याच रानाला दाखवायचं असतंय. तेवढ्यासाठी येळवस.”

त्या दिवशी त्या अन्नाला शिवायच्या नाहीत. उपास नव्हता तो, दुखणं होतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. आम्ही पोटभर जेवून परत यायचो आणि घरात ही बाई तशीच. मला ते बघवायचं नाही. जीव तुटायचा. बाकी काही नको, त्या दिवशी त्यांनी चार घास खावेत, एवढंच मला पाहिजे होतं.

एका पावसाळ्यात शेंगा निवडता निवडता मी विषय काढला.

“आत्या, भज्जीत नक्की काय काय पडतंय?”

“रानात असंल ते.”

“तसं नव्हं. वाटाणा लागतोच ना?”

“ज्याच्या रानात वाटाणा, त्याच्या भज्जीत वाटाणा. नसला तर वाल. वाल नसला तर पावटा. त्याचं काय ठरल्यालं नसतंय बाई. विकतचं नको, एवढंच.”

मी शेंगा तशाच ठेवून त्यांच्याकडं बघत बसले. म्हणजे हा सबंध पदार्थच याच्याऐवजी ते, त्याच्याऐवजी हे, असा चाललेला! मला वाटत होतं ही खोड माझी एकटीची आहे.

त्याच आठवड्यात गच्चीच्या कोपऱ्यात तूर लावली. कठड्यावर वाल चढवला. दसऱ्यानंतर हरभरा, गाजर, मेथी, लसूण. आत्यांना एका शब्दानं सांगितलं नाही. अडलं ते बेसनापाशी. बादलीतल्या हरभऱ्याचं पीठ ते किती निघणार? पण गच्चीवरची चवळी मात्र बख्खळ वाळवून ठेवलेली होती. ती दळली, पीठ तसंच ताकात कालवून लावलं, तर नुसती खळ झाली.

“याच्यानं पोस्टर चिकटवायचेत का काय?” नवरा म्हणाला.

दुसऱ्यांदा चवळी खमंग भाजून मग दळली. उग्र वास गेला, गुठळ्याही झाल्या नाहीत. भाजल्यानं एवढा फरक का पडतो हे मला अजून कळलेलं नाही, पण पडतो.

येळवशीच्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, आज मालकाच्या रानात जायचं नाही. सकाळीच गच्ची धुतली. ज्वारी निवडताना सांडलेल्या दाण्यांची धाटं एका डब्यात वाढली होती, ती एकत्र बांधून खोपीसारखी उभी केली. आत चुना लावलेले पाच दगड मांडले, ते येळवशीला पुजायचे पांडव. समोर भज्जी, उंडे, आंबिलीचं मडकं. मग लेक खाली गेली आणि आजीला हाताला धरून वर घेऊन आली.

आत्या दारातच थांबल्या. खोपीकडं बघितलं, मग एकेका डब्याकडं.

“हरभरा कुठला?”

“त्या निळ्या बादलीतला.”

“तूर?”

“ती काय, कोपऱ्यात.”

“बेसन?”

“बेसन न्हाय. चवळीचं पीठ. गच्चीवरचीच चवळी.”

बोटाला भज्जी घेऊन त्यांनी हुंगली.

“आन् ताक?”

खोटं बोलवेना. “विकतचं.”

“का? म्हैस डब्यात उगवली न्हाय व्हय?”

नवरा खो-खो हसला. मी रडायच्या बेतात होते. संपलं, मी मनात म्हटलं, आता या खाली जाणार आणि भिंतीकडं तोंड करणार.

आत्या गेल्या नाहीत. वाकून हरभऱ्याची माती चिमटीत घेतली. ओली होती.

“ह्यांला पाणी कुठलं घालती?”

“नळाचं.”

“नळाला कुठून येतंय?”

“नव्या तलावातून,” लेक म्हणाली. “आम्हाला शाळेतून दाखवायला नेलं होतं.”

रोज सकाळी मी ते पाणी बादल्या बादल्या वर आणत होते. जगातल्या सगळ्या गोष्टींना ‘का’ आणि ‘कुठून’ विचारणारी मी, त्या पाण्याला कधी विचारलं नव्हतं.

“आपल्या रानावरनं आलंय,” आत्या सावकाश म्हणाल्या. “मग आपलंच हाय की.”

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आंबिलीचं मडकं उचललं आणि ज्वारीचं एक पान तोडून त्यात बुडवलं. “ओलगे, ओलगे,” म्हणत रंगाच्या डब्यांवर, फुटक्या बादल्यांवर, कोपऱ्यातल्या तुरीवर शिंपडत निघाल्या. ते बोल कानडी आहेत म्हणतात. अर्थ त्यांनाही येत नाही, मी विचारलंय. एकही डबा त्यांनी सोडला नाही.

फेरी पुरी करून त्या खोपीसमोर मांडी घालून बसल्या आणि ताट पुढं ओढलं.

“वाढ आता,” म्हणाल्या. “लई वर्सांची भूक हाय.”