पाहुणीची दुभाषी: भिवंडी, वळ आणि मध्येच गणेशपुरी

भिवंडीला फिरायला कोणी जात नाही, हे मलाही माहीत आहे. मी हंपीहून परतून तीन आठवडे नाशकात आईच्या नजरेसमोर लोळत होते आणि ती नजर रोज थोडी थोडी बारीक होत चालली होती. तेवढ्यात ठाण्याहून दिनेशचा फोन आला. दिनेश परदेशी लोकांना गाड्या आणि गाईड पुरवतो. म्हणाला, लोकसभेचं मतदान बघायला फिनलंडहून एक बाई आल्यात, भिवंडीला जायचंय, मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारी पोरगी पाहिजे. माझं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, पण इंग्रजी गणेशपुरीत गोऱ्या लोकांना गरम पाण्याची कुंडं दाखवता दाखवता चांगलं झालंय. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, मतदान बघायला फिनलंडहून? ते पण भिवंडीत? यात काहीतरी आहे.

नाशिकहून जाणार असाल तर कंडक्टरला आधी विचारा. बऱ्याच एसट्या गावात न जाता बायपासलाच उतरवतात आणि मग रिक्षावाला तुमच्या बॅगेकडे बघून भाडं सांगतो. मला बॅगेचे चाळीस पडले. रस्त्याला कंटेनरची रांग, आणि गावात शिरलं की भिंतींच्या आतून लूमचा खडखडाट. पहिला तासभर तो डोक्यात जातो, नंतर बंद झाला तर चुकल्यासारखं होतं.

हेलेनाबाई साठीच्या, उंच, केस पांढरे कापसासारखे. लॉजच्या मॅनेजरनं त्यांच्यासाठी परदेशी पाहुण्यांचा लांबलचक फॉर्म काढला होता आणि पासपोर्टवरचा फोटो आणि बाई असं चार वेळा बघून झालं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ये लोग वोट देखने के वास्ते इतना दूर आते हैं, आपको सच लगता है?" मला खरं वाटत नव्हतं, पण मी मान डोलावली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला कागद दाखवले. तुमच्यापैकी कुणाला असं काम मिळालं तर उपयोग होईल म्हणून सांगते. आपल्याकडे परदेशी माणसाला निरीक्षक म्हणत नाहीत. निरीक्षक म्हणजे आपलेच सरकारी अधिकारी. हे लोक नुसते पाहुणे. दिल्लीहून निवडणूक आयोगाचं पत्र, त्यावर दहा जणांची नावं, प्रत्येकाचं फोटोचं ओळखपत्र, आणि कुठल्या भागात फिरायचं ते लिहिलेलं. दुभाष्याचं ओळखपत्र वेगळं. माझे दोन फोटो दिनेशनं आधीच मागवून घेतले होते आणि पोलीस चौकशी नाशकात आईकडे होऊन गेली होती. आईनं मला हे सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं असणार, मी काहीतरी केलंय.

मग नियमांचा कागद. सही करायच्या आधी हेलेनाबाईंनी तो मोठ्यानं वाचायला लावला. केंद्रात कुणाला सूचना द्यायची नाही. कुणाची चूक दाखवायची नाही. विचारायचं फक्त केंद्राध्यक्षाला, आणि ते काम अडवून नाही. उमेदवाराच्या माणसाकडून खायचं-प्यायचं नाही, गाडीत बसायचं नाही. दुभाष्यानं स्वतःच्या मनानं एक शब्द बोलायचा नाही. एकानं मोडलं तर पत्रावरच्या दहाही जणांची परवानगी जाऊ शकते. शेवटी, कुठल्याही पक्षाच्या रंगाचे कपडे नकोत. मी बॅग पलंगावर उपडी केली. निळा, भगवा, हिरवा, लाल, आणि एक पांढरा ज्याच्यावर तिरंगी नक्षी. आपल्या देशात पक्षानं सोडलेला रंग शोधून दाखवा. शेवटी तीनबत्तीच्या बाजारात जाऊन चिखलाच्या रंगाचा कुडता घेतला. दुकानदार म्हणाला, हा रंग कुणी घेत नाही, म्हणून स्वस्तात देतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी वळ गावाला गेलो. मानकोली नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, एकेक एवढं मोठं की आत आख्खं गाव मावेल. मध्येच भाताचं एखादं खाचर राहिलेलं. आम्हाला फक्त मतदान केंद्राची शाळा बघायची होती, रॅम्प आहे का, रस्ता कसा आहे. पण गोरी बाई, हातात फाईल, गळ्यात कार्ड, आणि जमिनीकडे बघत चाललेली. दहा मिनिटांत हिरामण पाटील आले. चाळिशीतले, पांढरा शर्ट, खिशात मोबाईल दोन.

"कंपनी कुठची?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, कंपनी नाही, मतदान बघायला आल्यात. ते हसले. सगळे असंच सांगतात, म्हणाले, मागचा तर रस्त्याचा सर्व्हे म्हणून आलेला आणि दोन एकर घेऊन गेला. मग आम्हाला काही सुचायच्या आत ते पुढे आणि आम्ही मागे. खाडीच्या बाजूची त्यांची पडीक जमीन, हद्दीचा दगड, कंटेनर वळायला किती जागा लागेल तेही पावलं टाकून दाखवलं. हेलेनाबाईंनी मला विचारलं, हे गृहस्थ मतदारयादीबद्दल सांगतायत का? मी सांगितलं, नाही, हे तुम्हाला शेत विकतायत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते बघून पाटील खूश झाले.

घरी त्यांच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. वास असा की मी नियम विसरायच्या बेतात होते. हेलेनाबाईंनी हात जोडून नको म्हटलं, फक्त पाणी घेतलं. पाटील बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "पाणीच पितेय. भाव पाडनार."

त्यांनी दाखवलेल्या सातबाऱ्यावर दुसरं नाव कुणाचं, असं मी सहज विचारलं. चुलतीचं, सावळीबाईचं. चुलते वारले, मूलबाळ एक मुलगी, ती गणेशपुरीला दिलेली. चुलती गुडघ्यांसाठी म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिकडे गेली. "आता ती काय येत न्हाय," पाटील म्हणाले. "तिचं समदं मीच बघतो." गणेशपुरीच्या कुंडांनी गुडघे बरे होतात का, यावर मी त्यांच्याशी पंधरा मिनिटं वाद घातला. खरं तर वेगळंच काहीतरी विचारायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात पोलिसानं कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं, आतल्या केंद्राध्यक्षांना दिलं. ते कल्याणकडचे शिक्षक. त्यांनी पत्र तीनदा वाचलं, वरच्या साहेबांना फोन लावला, मग आम्हाला फळ्याखालच्या बाकावर बसवलं. समोर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते, मतदार खरा की खोटा ते सांगायला. त्यातले एक हिरामण पाटील. त्यांनी आमच्याकडे बघून ओळखीचं हसू केलं आणि हेलेनाबाईंचा चेहरा पडला. काल आपण यांच्याच घरचं पाणी प्यायलो, एवढंच त्या म्हणाल्या. मला म्हणावंसं वाटलं, बाई, पाणीच होतं. पण मी गप्प राहिले, कारण माझं काम तेच होतं.

अकराच्या सुमारास एक म्हातारी आली. काठी, गुडघ्यांना फडकं गुंडाळलेलं, हातात ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. यादी बघणाऱ्यानं मोठ्यानं नाव वाचलं, सावळीबाई, आणि मग थांबला. नावावर रेघ मारलेली होती. शेजारच्या नोंदवहीत सही झालेली होती.

"तुमचं झालंय, आजी."

"कवा झालं? मी आता एस्टीतून उतरते."

पाटील जागेवरूनच म्हणाले, "काकी, झालं असल सकाळी. ऊन लय हाय. घरी जा, च्या घ्या."

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डावा हात टेबलावर पालथा ठेवला. बोटांवर शाई नव्हती. "कोरा हाय का न्हाय?" तिनं विचारलं. "आज यादीतून गेले, उद्या सातबाऱ्यावरून जाईन. मी काय गाव सोडलेला न्हाय. गुडघे शेकाया गेलते."

रांगेतल्या बायका पाटलांकडे बघत होत्या आणि पाटील यादीकडे. मी हेलेनाबाईंकडे बघितलं. त्या घड्याळ बघून वहीत वेळ लिहीत होत्या. सहा हजार किलोमीटर येऊन ही बाई घड्याळ बघतेय, असं माझ्या मनात आलं. तिला यातलं काय कळतंय, आणि कळलं तरी तिला काय? काल संध्याकाळीच मी त्यांना केंद्राध्यक्षांच्या पुस्तिकेतलं पान इंग्रजीत करून दिलं होतं. तुमच्या नावावर दुसरं कुणी मत टाकून गेलं असेल, तर ओळख पटल्यावर तुम्हाला वेगळी कागदी मतपत्रिका मिळते, वेगळ्या नमुन्यात सही घेऊन. त्याला टेंडर मत म्हणतात. हे मला माहीत होतं. म्हातारीला नव्हतं. ती काठी उचलून वळली.

मी उभी राहून म्हणाले, "सर, यांना टेंडर मतपत्रिका मिळते ना?"

केंद्राध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांचा एक हात टेबलाखालच्या पिशवीत होता. कधीपासून होता, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

"मला नियम माहीत आहे, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला तुमचा माहीत आहे का?"

पिशवीतून त्यांनी पाकीट काढलं, म्हातारीला बोलावलं, चार प्रश्न विचारले. ओळखपत्र बघितलं. पाटलांना विचारलं, या कोण? पाटलांना म्हणावं लागलं, चुलती. तिचा अंगठा नमुन्यावर घेतला, मतपत्रिका दिली. ती पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन शिक्का मारून आली, घडी पाकिटात गेली.

तोवर हेलेनाबाई उठून केंद्राध्यक्षांजवळ गेल्या होत्या. मला म्हणाल्या, हे शब्दशः सांग. आणि मी सांगितलं, स्वतःच्याच तोंडानं: "माझ्या दुभाषीनं मी न विचारता हस्तक्षेप केला आहे. कृपया तुमच्या डायरीत नोंद करा." केंद्राध्यक्षांनी नोंद केली. साहेबांची जीप आली, माझं कार्ड गेलं. दहा जणांची परवानगी वाचली, ती बाईंनी स्वतःहून सांगितलं म्हणून, असं साहेब म्हणाले.

बाहेर चिंचेखाली मी त्यांच्यावर चिडले. इंग्रजीत चिडायला मला फार शब्द नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, मी विचारणारच होते. पण आधी तो अधिकारी स्वतःहून काय करतो, ते मला बघायचं होतं. तू बोललीस, आता ते कधीच कळणार नाही. ना मला, ना तुला. मग बाई साहेबांच्याच जीपमध्ये बसून पुढच्या केंद्रावर गेल्या.

त्यांचं खरं की हा नंतरचा शहाणपणा? मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि ते मास्तर, त्यांचा हात पिशवीत आधीच होता की माझ्या बोलण्यानं गेला?

मला काम उरलं नव्हतं. सावळीबाई मानकोलीच्या रिक्षासाठी उभ्या होत्या, घराकडे न फिरकता. मी त्यांच्याबरोबर भिवंडी स्टँडला गेले, आणि तिथं वज्रेश्वरीमार्गे गणेशपुरीची गाडी लागलेली होती, म्हणून चढले. माझं हे असंच आहे. खिडकीची जागा त्यांनी मला दिली नाही.

अंबाडीच्या पुढे त्यांनी विचारलं, "तू त्या गोदामवालीची ना?" मी पुन्हा सगळं समजावलं. त्यांना पटलं नाही. पुतण्यानं गोरी बाई जमीन बघायला आणली, हे त्यांना रात्रीच फोनवर कळलं होतं. म्हणूनच त्या सकाळी निघाल्या होत्या.

मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की ते पाकिटातलं मत मोजत नाहीत. कोर्टकचेरी झाली तरच उघडतात.

सावळीबाईंनी फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. "न मोजू देत," त्या म्हणाल्या. "मी आलते, असा लिवलाय ना? सरकारी कागदाव अंगठा हाय ना माझा? हिरामनच्या तोंडानं चुलती म्हनून वदवलाय, चारचौघांत. ह्यापुढे बोलू दे त्याला, काकी गेली म्हनून."

गणेशपुरीला उतरल्यावर त्या एकदाही मागे न बघता गेल्या. मी कुंडावर गेले. तुम्ही गेलात तर पहाटे जा, दुपारी पाय घालवत नाही इतकं गरम असतं. मी दुपारी गेले.

नाशकात परतल्याला दोन आठवडे झाले. भिवंडीच्या मतदानाच्याच दिवशी इथंही मतदान होतं आणि माझं हुकलं, त्याचं काही वाटलं नव्हतं. परवा वॉर्डाच्या ऑफिसात सहज यादी उघडली. आईचं नाव आहे, वडिलांचं आहे. माझ्या नावावर शिक्का: स्थलांतरित. कुणी सांगितलं यांना? मला आधी समोरच्या बिल्डिंगमधल्या कार्यकर्त्याचा संशय आला, मग चुलत भावाचा. संध्याकाळी आई भाजी निवडत म्हणाली, "मीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी घरी विचारायला आले होते, मुलगी इथं राहते का. खोटं कशाला बोलू?"

आता नावनोंदणीचा फॉर्म समोर आहे. या पत्त्यावर कधीपासून राहता, असा एक रकाना आहे. आईला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, जन्मापासून लिही. थोड्या वेळानं आतून म्हणाली, चौकशीला माणूस येईल, त्या दिवशी मात्र घरात रहा. तू नसलीस, तर इथं राहते म्हणून मी सांगणार नाही.